एक्स-रे, सोनोग्राफी आणि माजी सैनिक

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक्स-रे काढणारा किंवा सोनोग्राफी करणारा तंत्रज्ञ जी यंत्रे वापरतो, ती इतर कुठल्याही रुग्णालयातल्यासारखीच असतात. वेगळा असतो तो टेबलावरचा रुग्ण. तो बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेला पुरुष असतो. त्याला कमी ऐकू येते, गुडघे आणि कंबर धरलेली असते, तरुणपणी त्याने भरपूर सिगारेट ओढलेली असते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या स्फोटातला धातूचा तुकडा त्याच्या मांडीत अजूनही असू शकतो. अलीकडच्या काळात याच रांगेत इराक-अफगाणिस्तानातून परतलेले चाळिशीतले स्त्री-पुरुषही दिसतात. या कामाचे बहुतेक बारकावे रुग्णांच्या या गोतावळ्यातूनच आलेले आहेत.

ही रुग्णालये चालवणाऱ्या सरकारी खात्याला तिकडे सगळे ‘व्हीए’ म्हणतात. त्याची मुळे अमेरिकेच्या यादवी युद्धात आहेत. अपंग झालेल्या स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय निवास उभारण्याच्या कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी ३ मार्च १८६५ रोजी सही केली आणि मेन राज्यातल्या टोगस या गावी १८६६ मध्ये पहिला निवास सुरू झाला. १९३० मध्ये विखुरलेल्या योजना एकत्र करून ‘व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन’ उभे राहिले; १९८९ मध्ये त्याला मंत्रिमंडळाच्या दर्जाचे खाते करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक एकदम घरी परतले तेव्हा खात्याची सूत्रे जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे होती. १९४६ मध्ये ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचा निर्णय झाला आणि तोच त्यांचा दर्जा सावरणारा ठरला. आज सुमारे १७० रुग्णालये, हजाराहून जास्त बाह्यरुग्ण केंद्रे आणि नोंदणी केलेले सुमारे ९० लाख माजी सैनिक असा हा पसारा आहे.

भारतात अशी वेगळी रुग्णालयांची साखळी नाही. इथला निवृत्त सैनिक २००३ पासून ‘ईसीएचएस’ योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जातो आणि तिथून लष्करी किंवा पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात पाठवला जातो. पुण्यात मात्र जखमी सैनिकांसाठीच्या खास संस्था जुन्या आहेत: कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे, आणि खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र.

एक्स-रे आणि सोनोग्राफी या दोन्ही तंत्रांचा युद्धाशी संबंध जुना आहे. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले आणि तीनच वर्षांत, १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात, अमेरिकी लष्कराने रुग्णालयांत आणि रुग्णालय-जहाजांवर ही यंत्रे वापरली. गोळी शोधण्यासाठी जखमेत सळई किंवा बोट घालून चाचपण्याची, आणि त्यातून जखम चिघळवण्याची, जुनी पद्धत त्यामुळे मागे पडू लागली. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी फ्रान्समध्ये एक्स-रेच्या सुमारे २० मोटारी रणभूमीजवळ फिरवल्या आणि दीडशेच्या आसपास स्त्रियांना एक्स-रे काढायला शिकवले. या व्यवसायाचा इतिहास डॉक्टरांपासून सुरू करण्याची रीत आहे, पण त्याची खरी सुरुवात या मोटारींतल्या स्त्रियांपासून धरायला हवी. सोनोग्राफी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारमधून पुढे आली. ग्लासगोचे इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. बॉयलरच्या पोलादातील चिरा शोधण्यासाठी कारखान्यात वापरतात ते ध्वनियंत्र त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर लावून पाहिले आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले.

व्हीएचा स्वतःचा वाटाही थोडाथोडका नाही. लॉस एंजेलिसच्या व्हीए रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम ओल्डेनडॉर्फ यांनी खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ आणि काही खिळे घेऊन एक प्रयोग जुळवला. त्यातून त्यांनी १९६१ मध्ये जी कल्पना मांडली, ती सीटी स्कॅनच्या मुळाशी असलेल्या कल्पनांपैकी एक आहे. सीटी स्कॅनसाठीचे १९७९ चे नोबेल मात्र हाऊन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळाले. ब्राँक्सच्या व्हीए रुग्णालयात किरणोत्सारी समस्थानिकांचा विभाग उभारणाऱ्या रोझलिन यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले होते.

एक्स-रेच्या खोलीत कामाची सुरुवात ओळख पटवण्याने होते. रुग्णाने स्वतः पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायची असते. तंत्रज्ञाने नाव उच्चारून नुसता होकार घेणे चालत नाही, कारण कमी ऐकू येणारा माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो. व्हीएमध्ये वर्षानुवर्षे आणखी एक खूण चालत आली: आडनावाचे पहिले अक्षर आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. अनेक वृद्ध सैनिक विचारण्याआधीच ते आकडे हजेरी दिल्यासारखे घडाघडा म्हणून टाकतात. नंतर डॉक्टरांनी मागितलेली तपासणी आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसतो का, ते पाहायचे. मागणी उजव्या गुडघ्याची आणि दुखतोय डावा, हे सगळीकडेच घडते. शिशाचे ‘एल’ किंवा ‘आर’ अक्षर प्रत्येक प्रतिमेत ठेवावे लागते आणि त्याच्यासोबत बहुधा तंत्रज्ञाच्या नावाची आद्याक्षरेही असतात. चूक कोणाची, हे त्या आद्याक्षरांवरून कायमचे ठरते.

छातीचा एक्स-रे सर्वांत साधा समजला जातो. रुग्ण पाटीला छाती टेकवून उभा, नळी सुमारे १८० सेंटिमीटर मागे, खांदे पुढे वळवलेले, म्हणजे फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला होतात. खोल श्वास घ्यायचा, रोखायचा, बटण दाबायचे. अडचण येते ती या श्वासाशीच. कानात सतत येणारा आवाज आणि बहिरेपणा या अमेरिकी माजी सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या सर्वांत सर्रास तक्रारींपैकी आहेत. तोफा, इंजिने आणि हेलिकॉप्टर यांच्याजवळ काढलेल्या वर्षांचा तो हिशेब. तंत्रज्ञ काचेआडून “श्वास घ्या, रोखा” म्हणतो, रुग्णाची पाठ त्याच्याकडे असते आणि शब्द पोचतच नाहीत. अर्धा श्वास सोडलेल्या अवस्थेत चित्र निघाले की फुप्फुसांच्या तळाशी खोटी पांढुरकी छटा येते आणि न्यूमोनियाची शंका उगाच उभी राहते. म्हणून जाणते तंत्रज्ञ आधी समोर उभे राहून एकदा श्वास घ्यायला लावतात, खांद्यावर दोनदा थोपटणे म्हणजे ‘घ्या आणि रोखा’ अशी खूण ठरवतात, किंवा बरगड्या वर उचलल्या जाताना दिसेपर्यंत बटणावर बोट नुसते टेकवून ठेवतात. पाठ्यपुस्तकात यासाठी एखादी ओळ असते. प्रत्यक्षात दिवसातल्या निम्म्या चित्रांची प्रत यावर ठरते.

त्याच छातीच्या चित्रात जुनी नोकरी दिसते. नौदलाच्या जहाजांवर १९७० च्या दशकापर्यंत बॉयलर आणि वाफेच्या नळ्या ॲस्बेस्टॉसने गुंडाळलेल्या असत. बंद इंजिनघरात त्या धुळीत वावरलेल्या खलाशाच्या फुप्फुसांच्या आवरणावर वीस-चाळीस वर्षांनी चुनखडीसारखे घट्ट चट्टे दिसू लागतात, विशेषतः श्वासपटलाच्या कडेने. चट्टे स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात, पण ॲस्बेस्टॉस शरीरात गेल्याचा तो पुरावा असतो आणि पुढचे कर्करोग त्याच धुळीतून येतात. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर कचरा, प्लास्टिक आणि इंधन उघड्या खड्ड्यांत जाळले जाई. त्या धुराशी निगडित आजारांना भरपाईची वाट मोकळी करणारा ‘पॅक्ट’ कायदा १० ऑगस्ट २०२२ रोजी झाला. तेव्हापासून छातीच्या तपासण्या मागणाऱ्यांत तरुण चेहरेही दिसू लागले.

शरीरात राहून गेलेला धातू हा या रुग्णालयांचा खास विषय आहे. स्फोटातले छर्रे सगळेच काढणे शहाणपणाचे नसते. मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला इजा होण्यापेक्षा तुकडा तिथेच राहिलेला बरा, असा निर्णय शल्यविशारद अनेकदा घेतो. वर्षांनंतर कंबरेचा एक्स-रे काढला की अस्थींच्या करड्या चित्रावर वाटाण्याएवढे, तांदळाएवढे लखलखीत पांढरे ठिपके उमटतात. रुग्णाला त्यांतले दोन आठवत असतात, दिसतात नऊ. तंत्रज्ञाला ते चित्रातून काढून टाकता येत नाहीत. छर्रा नेमका ज्या सांध्यावर येत असेल तो दुसऱ्या कोनातून घ्यावा लागतो. धातू कशाचा आहे यालाही महत्त्व असते. १९९१ च्या आखाती युद्धात आपल्याच फौजेच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या काही सैनिकांच्या अंगात क्षीणित युरेनियमचे कण राहिले. बाल्टिमोरच्या व्हीए रुग्णालयात १९९३ पासून त्यांच्या लघवीतले युरेनियम मोजून त्यांच्यावर लक्ष ठेवले जात आहे.

धातूचा प्रश्न एमआरआयपाशी येऊन धारदार होतो. त्या यंत्राच्या चुंबकात लोखंडी कण हलू शकतो, आणि तो डोळ्यात असेल तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून ज्याच्या डोळ्याला कधी धातूची इजा झाली असेल, त्याच्या डोळ्यांचा एक्स-रे आधी निघतो. पुष्कळ ठिकाणी एकदा नजर वर आणि एकदा खाली ठेवून. दोन चित्रांत ठिपक्याची जागा सरकली तर तो कण बुबुळाबरोबर फिरतो आहे, म्हणजे डोळ्याच्या आतच आहे. इतकी साधी युक्ती, पण ती साधण्यासाठी रुग्णाने डोके मुळीच हलवता कामा नये.

पाय किंवा हात गमावलेल्यांच्या चित्रांत आणखी एक गोष्ट आढळते. स्फोटानंतर कापलेल्या अवयवाच्या टोकाशी, स्नायूंच्या मधोमध, शरीर भलत्याच ठिकाणी हाड तयार करते. इराक-अफगाणिस्तानातल्या स्फोटजखमींच्या कापलेल्या अवयवांपैकी निम्म्याहून अधिकांत हे दिसल्याची नोंद आहे. कृत्रिम पायाच्या खोबणीत असे टोक रुतले की चालणे असह्य होते. एक्स-रेत त्याचा आकार आणि पक्वता कळते, आणि ते कधी काढायचे याचा निर्णय त्यावरून होतो. इथे तंत्रज्ञाची कसोटी चित्राआधीच लागते: नेहमीचे उशा-वाळूच्या पिशव्यांचे आधार दोन पायांच्या माणसासाठी बनवलेले असतात, आणि कृत्रिम पाय काढायला सांगण्याआधी आडोसा आणि बसायला खुर्ची द्यावी लागते.

सांध्यांचे एक्स-रे संख्येने सर्वांत जास्त. पाठीवर ओझे घेऊन कूच, विमानातून उड्या, चिलखती गाडीत बसून खाल्लेले धक्के यांनी गुडघे आणि मणके लवकर झिजतात. गुडघ्याचा फोटो शक्य असेल तेव्हा उभे करून, अंगाचा भार देऊन घेतात. झोपवून घेतला तर झिजलेल्या सांध्यातली फट उगाच मोठी दिसते. यामागे पैशाचाही प्रश्न असतो. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला अमेरिकी सरकार टक्केवारी देते आणि तिच्यावर मासिक भत्ता ठरतो. संधिवाताच्या नियमात तर एक्स-रेचे नावच लिहिलेले आहे: हालचालीवर मर्यादा नसली, पण दोन किंवा अधिक मोठ्या सांध्यांत (किंवा लहान सांध्यांच्या दोन गटांत) एक्स-रेवर झीज दिसली, तर १० टक्के, अधूनमधून दुखणे माणसाला जखडून टाकण्याइतके बळावत असेल तर २०. म्हणून भत्त्याच्या तपासणीसाठी आलेला रुग्ण फोटो काढताना दुखणे लपवत नाही, क्वचित वाढवूनही दाखवतो. तंत्रज्ञाने दोन्हीकडे दुर्लक्ष करून तोच कोन, तेच अंतर आणि तोच भार ठेवायचा असतो. यात तो वकीलही नसतो आणि न्यायाधीशही नसतो, हे नव्या उमेदवाराला समजायला वेळ लागतो.

सोनोग्राफीची खोली वेगळ्या चालीची असते. एक्स-रे काही सेकंदांत संपतो; सोनोग्राफीला वीस मिनिटांपासून तासभर लागतो, दिवे मंद असतात आणि तंत्रज्ञ रुग्णाला टेकून बसलेला असतो. त्वचेवर फिरवायच्या प्रोबमधले स्फटिक सेकंदाला २० लाख ते १.८ कोटी कंपनांचा ध्वनी सोडतात, तो ऊतींतून सुमारे १,५४० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, आणि परतलेल्या प्रतिध्वनीच्या वेळावरून खोली मोजली जाते. कमी कंपनांचा ध्वनी खोल जातो पण चित्र जाडेभरडे येते, जास्त कंपनांचा बारकावे दाखवतो पण वरच्या वर विरतो. म्हणून पोटाला वक्र प्रोब, मानेच्या आणि पायाच्या रक्तवाहिन्यांना सरळ प्रोब. जेल लावतात ते मधली हवा घालवण्यासाठी. हवेत ध्वनी अडतो. पोटातला वायूही याच कारणाने आड येतो आणि म्हणून सकाळी उपाशीपोटी बोलावतात.

सर्वसामान्य रुग्णालयात सोनोग्राफी म्हटले की आधी गर्भ आठवतो. व्हीएमध्ये प्रसूतीची सेवा बहुतांशी बाहेरच्या रुग्णालयांतून दिली जाते, त्यामुळे इथला सोनोग्राफर बाळ क्वचितच पाहतो. तो पाहतो महाधमनी. पोटातली ही मुख्य रक्तवाहिनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ सेंटिमीटर झाली की फुगवटा म्हणतात. फुगवटा दुखत नाही, आणि फुटला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण, आणि अमेरिकी सैनिकाच्या शिध्याच्या डब्यात १९७५ पर्यंत सिगारेट सरकारच देत असे. त्यामुळे या विकाराचा मोठा अभ्यासही व्हीएतच झाला. ५० ते ७९ वयाच्या लाखाहून अधिक माजी सैनिकांची सोनोग्राफी झाली. त्यांतल्या ४ ते ५.४ सेंटिमीटर फुगवटा असलेल्या १,१३६ जणांत काहींची लगेच शस्त्रक्रिया आणि इतरांवर नुसते लक्ष, अशी तुलना करण्यात आली. २००२ मध्ये निष्कर्ष आला की लगेच शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही. तेव्हापासून पुरुषांत ५.५ सेंटिमीटर ही शस्त्रक्रियेची रेघ पक्की झाली. ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधीतरी धूम्रपान केलेल्या पुरुषांची एकदा ही तपासणी करावी, अशी शिफारसही अमेरिकेत आहे.

या आकड्यांचा भार शेवटी सोनोग्राफरच्या मनगटावर येतो. महाधमनी वयानुसार वळणे घेते. प्रोब तिला तिरका छेद देईल तर गोल वाहिनी लांबट दिसते आणि ५.१ चा फुगवटा ५.६ मोजला जातो. रेडिओलॉजिस्ट फक्त साठवलेली चित्रे पाहतो. छेद तिरका होता हे त्याला नेहमी कळेलच असे नाही. म्हणून वाहिनीच्या अक्षाला काटकोनात, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत, दोन वेगळ्या दिशांनी मोजायचे असते, आणि मागच्या वर्षीचे माप कसे घेतले होते ते आधी उघडून पाहायचे असते. ढेरपोट्या रुग्णाच्या बाबतीत हे करताना प्रोबवर अख्ख्या अंगाचा जोर द्यावा लागतो.

यकृत हे दुसरे नित्याचे काम. व्हिएतनामच्या पिढीत हेपटायटिस सीचे प्रमाण जास्त होते. २०१४ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी व्हीएने लाखाहून अधिक जणांवर उपचार केले, पण ज्यांचे यकृत आधीच निबर आणि गाठाळ झाले होते त्यांना विषाणू गेल्यावरही कर्करोगाची धास्ती राहते. त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. तीच माणसे, तेच यकृत, वर्षातून दोनदा. एक सेंटिमीटरची नवी सावली दिसते का एवढेच पाहायचे. पायाच्या शिरेत गुठळी शोधण्याची पद्धत आणखी सोपी: जांघेपासून पोटरीपर्यंत प्रोबने शीर दाबत जायचे. निरोगी शीर मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाशी संबंध मानला जाणारा मधुमेह याच पिढीत भरपूर, त्यामुळे मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि पायाच्या व्रणाखालचे हाड सडले का हे पाहणारा एक्स-रे, दोन्ही त्याच माणसाच्या वाट्याला येतात.

मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी व्हीएची स्वतंत्र केंद्रे आहेत आणि तिथे मूत्रपिंडांची तपासणी दरवर्षी होते. ‘पाणी पिऊन, लघवी रोखून या’ ही सोनोग्राफीची नेहमीची सूचना त्यांना डोळे झाकून देता येत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर भरलेले मूत्राशयही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीला नेऊ शकते. डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर तपासणी थांबवायची, रुग्णाला उठवून बसवायचे, लघवीची नळी तुंबली आहे का पाहायचे आणि मदत बोलवायची. हे ओळखणे सोनोग्राफरच्या मूळ अभ्यासक्रमात फारसे येत नाही. ते या रुग्णालयात शिकले जाते.

मनाच्या जखमांसाठी एक्स-रे नाही, पण त्या खोलीत येतातच. अंधारी खोली, उताणे पडलेले शरीर, बाजूने येणारा अनोळखी हात, रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या डॉपलरचा एकदम घुमणारा आवाज: युद्धाच्या धक्क्यातून न सावरलेल्या माणसाला भेदरवायला यांतले काहीही पुरेसे असते. त्यावरचे उपाय साधे आहेत. दार दिसेल अशी दिशा ठेवायची, स्पर्शाआधी सांगायचे, झोप लागलेल्याला हलवून न उठवता पायाकडून नावाने हाक मारायची, आवाज आधी बंद ठेवायचा. लष्करात लैंगिक अत्याचार झाले का, असे व्हीए आपल्या प्रत्येक रुग्णाला विचारते. त्याला सुमारे तीनांतली एक स्त्री आणि पन्नासांतला एक पुरुष होकार देतो. म्हणून अंतर्गत सोनोग्राफीला सोबत दुसरी व्यक्ती हवी, प्रोब रुग्णाने स्वतः आत सरकवण्याची मुभा हवी आणि कुठल्याही क्षणी ‘थांबा’ म्हटले की थांबायला हवे. घाईच्या दिवशी सर्वांत आधी गाळले जाते ते हेच, आणि नेमके तेच गाळता येत नाही.

तपासणी संपल्यावर रुग्ण विचारतो, “काय दिसतंय?” तंत्रज्ञाने निदान सांगायचे नसते, अहवाल रेडिओलॉजिस्टचा. रात्रीची चित्रे अनेक रुग्णालयांतून व्हीएच्या दूरवाचन केंद्राकडे जातात आणि शेकडो मैलांवरचा डॉक्टर ती वाचतो. पण सात सेंटिमीटरचा फुगवटा किंवा मांडीतली ताजी गुठळी दिसली, तर रुग्णाला तसेच घरी पाठवता येत नाही. तंत्रज्ञ खोलीबाहेर जाऊन फोन करतो, परत येऊन “डॉक्टर आणखी दोन चित्रं बघतायत” असे काहीसे म्हणतो, आणि आयुष्यभर वरिष्ठांचे चेहरे वाचलेला म्हातारा सार्जंट काय ते ओळखतो. चेहरा कोरा ठेवणे हे या व्यवसायातले शिकवता न येणारे कौशल्य आहे.

अमेरिकेत या कामासाठी शिक्षण आणि नोंदणी दोन्ही लागतात. एक्स-रे तंत्रज्ञांची नोंदणी संस्था १९२२ मध्ये सुरू झाली. २०१५ पासून तिच्या परीक्षेला बसायला किमान दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी लागते आणि दर दोन वर्षांनी २४ गुणांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. सोनोग्राफरांची वेगळी नोंदणी १९७५ पासून आहे; ध्वनीच्या भौतिकशास्त्राची एक परीक्षा आणि पोट, रक्तवाहिन्या अशा विषयाची दुसरी. दोन्ही नोंदण्या असलेल्यांना लहान रुग्णालयांत मागणी असते: सकाळी एक्स-रे, दुपारी सोनोग्राफी. व्हीएच्या नेमणुकीत अमेरिकी नागरिकांना आणि माजी सैनिकांना प्राधान्य मिळते. सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनवर तिन्ही दलांचे एक्स-रे तंत्रज्ञ घडतात, आणि गणवेश उतरवल्यावर त्यांतले काही थेट व्हीएत येतात. अशा तंत्रज्ञाचे रुग्णाशी ‘कुठल्या तुकडीत होता?’ एवढ्यावर जमते, आणि अवघडलेला माणूस सैल पडतो.

भारतीय वाचकाला इथे एक फरक जाणवेल. भारतात सोनोग्राफी डॉक्टर स्वतः करतात. लिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये केला. त्याखाली यंत्राची नोंदणी लागते आणि ते चालवण्याचा अधिकार पात्र डॉक्टरांपुरता राहतो. त्यामुळे सोनोग्राफर असा स्वतंत्र व्यवसाय इथे रुजला नाही; एक्स-रे तंत्रज्ञ मात्र तालुक्याच्या गावीही आहे.

या कामाचे धोके लोक समजतात तिथे नसतात. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, तर नुसत्या निसर्गातून अमेरिकी माणसाला वर्षाला सुमारे ३ मिलिसिव्हर्ट मिळतात. तंत्रज्ञासाठी तिथली वार्षिक मर्यादा ५० आहे. भारतात पाच वर्षांची सरासरी २० आणि कुठल्याही एका वर्षी ३०. काचेआड उभे राहणारा आणि छातीवर मापनाचा बिल्ला लावणारा तंत्रज्ञ या मर्यादांच्या जवळपासही जात नाही. जपावे लागते ते वॉर्डात फिरते यंत्र नेल्यावर: शिशाचा ॲप्रन घालायचा, “एक्स-रे!” असा पुकारा करायचा, वायर ताणून सहा फूट दूर व्हायचे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. हात थरथरणाऱ्या किंवा भान हरपलेल्या रुग्णाला धरायची वेळ आली, तर ते काम रोज त्याच तंत्रज्ञाने करायचे नसते.

खरा मार बसतो तो सांध्यांवर. सोनोग्राफरांच्या पाहण्यांत ८० ते ९० टक्के लोक दुखणे घेऊन काम करत असल्याचे सांगतात. हात खांद्यापासून लांब धरलेला, मान पडद्याकडे वळलेली, प्रोबवर दाब, आणि हे तासन्‌तास. काहींना खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे काम सोडावे लागते. म्हणून आता वर-खाली होणारे टेबल, कोपराखाली आधार आणि प्रोबची वायर दंडाला अडकवण्याची पट्टी यांवर भर दिला जातो, आणि रुग्णाला टेबलाच्या कडेला सरकायला सांगण्याचा आग्रह धरला जातो. व्हीलचेअरमधून टेबलावर यायलाच ज्याला दोन माणसांची मदत लागते, त्याच्या बाबतीत हा आग्रह टिकत नाही. तिथे तंत्रज्ञ वाकतो.